कोड आवळायचा की गुंतवायचा?

क्लायंटचा मेसेज एका ओळीचा होता: "आपला कोड ब्राउझरमध्ये सगळ्यांना दिसतोय, लॉक करून टाका." सोबत स्क्रीनशॉट. कोटेशन तयार करायच्या पानाचा माझा जावास्क्रिप्ट कोड त्यात जसाच्या तसा उघडा पडला होता, कॉमेंटसकट. त्यातली एक कॉमेंट अशी: "हे का चालतंय माहीत नाही, हात लावू नये." कोड चोरीला जाण्याच्या भीतीपेक्षा मला त्या कॉमेंटचीच जास्त लाज वाटली.

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. जावास्क्रिप्ट-ऑब्फस्केटर (कोड मुद्दाम गुंतवून वाचायला अवघड करणारं टूल) बसवला, त्यातला सगळ्यात कडक प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडला आणि बिल्ड, म्हणजे साइटवर चढवायच्या फाइल तयार करणारी प्रक्रिया, चालवली. बिल्डच्या शेवटी टर्सर हा मिनिफायर (कोड आवळून लहान करणारं टूल) आधीपासून होताच, तो तसाच राहू दिला. पान उघडलं आणि टॅब थिजला. एरर नाही, लॉग नाही, ब्राउझरची कोड तपासायची डेव्हटूल्सही उघडेनात. अर्धा दिवस गेल्यावर डॉक्युमेंटेशन नीट वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलंय की 'सेल्फ डिफेंडिंग' चालू असेल तर ऑब्फस्केशननंतर कोडला कसलाही हात लावायचा नाही, मिनिफायसुद्धा करायचा नाही. टर्सरने हात लावला, कोडला वाटलं आपल्याशी छेडछाड चालली आहे, आणि त्याने काम बंद पाडलं. म्हणजे चोरासाठी लावलेल्या सापळ्यात पहिली मीच अडकले.

त्या दिवसानंतर कोड आवळायचा (मिनिफिकेशन) की गुंतवायचा (ऑब्फस्केशन) असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: तुम्हाला भीती कशाची आहे, हळू नेटवर्कची की माणसाची? मिनिफिकेशन पहिल्यावर उपाय आहे. ऑब्फस्केशन दुसऱ्यावर उपाय असल्याचा दावा करतं, आणि तो दावा कुठपर्यंत खरा आहे ते पाहूनच ते वापरायचं.

मिनिफिकेशन: ब्राउझरला नको ते काढून टाकणं

तुम्ही लिहिलेल्या कोडमध्ये निम्म्याहून जास्त गोष्टी माणसांसाठी असतात. इंडेंटेशन, रिकाम्या ओळी, कॉमेंट, 'एकूणसवलत' सारखी लांब नावं. ब्राउझरला यातलं काही लागत नाही. मिनिफायर ते काढतो, फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलना एका अक्षराची नावं देतो, कधीच न चालणारा कोड वगळतो आणि ६० गुणिले ६० गुणिले २४ असं लिहिलं असेल तर थेट ८६४०० ठेवतो. प्रोग्रामचं वागणं बदलत नाही, बदलतो तो त्याचा आकार.

किती बदलतो? जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या ३.७.१ आवृत्तीची मूळ फाइल सुमारे २८५ किलोबाइटची आहे आणि मिनिफाय केलेली सुमारे ८७ ची. तीच जीझिपने (सर्व्हरवरच फाइल दाबायची पद्धत) पाठवली की ३० च्या आसपास येते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. स्पेस आणि पुन्हापुन्हा येणारी नावं जीझिप किंवा ब्रॉटली मुळातच छान दाबतात, त्यामुळे सर्व्हरवर कॉम्प्रेशन बंद असेल तर मिनिफायरशी झटापट करण्याआधी ते चालू करा. एका सेटिंगचं काम आहे. मी असे प्रोजेक्ट पाहिलेत जिथे तीन मिनिफायर तासभर ताडून पाहिले गेले आणि जीझिप मात्र बंदच होतं.

बाकी मिनिफिकेशनचं गणित सोपं आहे: वेबवर जाणारा कोड असेल तर करा. वेबपॅक ५ हे बिल्ड टूल प्रॉडक्शन मोडमध्ये, म्हणजे लोकांसाठीची अंतिम बिल्ड करताना, टर्सर स्वतःच चालवतं. ईएसबिल्ड या दुसऱ्या बिल्ड टूलला एक फ्लॅग दिला की झालं. वेगळा निर्णय घ्यावा लागतच नाही. निर्णय लागतो तो अडचणीच्या जागी, आणि त्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली म्हणजे नावावर अवलंबून असलेला कोड. जुन्या अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कमध्ये फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव वाचून कुठली सर्व्हिस द्यायची ते ठरायचं. मिनिफायरने त्या नावाचं एक अक्षर केलं की ॲप बंद. म्हणून नावं स्ट्रिंगमध्ये वेगळी लिहून द्यायची पद्धत पडली. अँग्युलरजेएसचा सपोर्ट २०२१ च्या अखेरीस संपला, पण हीच चूक आजही वेगळ्या कपड्यांत भेटते. कुणीतरी क्लासचं नाव वाचून लॉगमध्ये लिहितो, किंवा नावावरून हँडलर शोधतो, आणि प्रॉडक्शनमध्ये सगळ्या क्लासचं नाव 'टी' निघतं. टर्सरमध्ये फंक्शन आणि क्लासची नावं जपायचे पर्याय आहेत. ते चालू करता येतात, पण माझ्या मते नावावर विसंबणारा कोडच बदलावा.

दुसरी जागा प्रॉपर्टींची. टर्सर मुळात ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टींची नावं बदलत नाही, आणि ते बरंच आहे. तो पर्याय हौसेने चालू केलात तर सर्व्हरकडून जेसन रूपात आलेल्या डेटामध्ये 'किंमत' असेल आणि तुमचा कोड 'क्यू' शोधत बसेल. क्लोजर कंपायलर या मिनिफायरच्या ॲडव्हान्स्ड मोडमध्येही हेच होतं. सगळा कोड त्या शिस्तीत लिहिलेला नसेल तर तिकडे फिरकू नका.

तिसरी खास आपल्यासाठी. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं. ईएसबिल्ड मुळात फक्त आस्कीमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि साध्या चिन्हांत, आउटपुट देतो, म्हणजे मराठी स्ट्रिंगमधल्या प्रत्येक चिन्हाचा बॅकस्लॅश-यू वाला सहा अक्षरी कोड होतो, ६ बाइट. तुमच्या ॲपमधली बटणं आणि सूचना मराठीत असतील तर 'आकार कमी करणाऱ्या' पायरीने त्या दुप्पट केल्या. ईएसबिल्डला कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ आहे असं सांगा आणि पानाच्या हेडरमध्येही तेच लिहिलंय ना ते बघा. (जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नावही देवनागरीत ठेवता येतं. 'एकूण' या नावाचे १२ बाइट मिनिफायर १ वर आणतो. मी हे एकदा गंमत म्हणून केलं आणि सहकाऱ्यांनी ते गंमत म्हणून घेतलं नाही.)

आणि चौथी, सोर्स मॅप. मिनिफाय केलेल्या कोडमधली एरर वाचण्याजोगी करणारी ही फाइल. तिच्यात बहुतेक वेळा तुमचा मूळ कोड पूर्ण असतो. माझ्या त्या क्लायंटच्या स्क्रीनशॉटचं रहस्य हेच होतं: कोड मिनिफाय झालेला होता, पण सोर्स मॅप शेजारीच प्रॉडक्शनवर ठेवलेला. ब्राउझरने इमानेइतबारे मूळ फाइल दाखवली, माझ्या कॉमेंटसह. वेबपॅकमध्ये 'हिडन सोर्स मॅप' निवडलात तर मॅप तयार होतो, पण फाइलच्या शेवटी त्याचा पत्ता लिहिला जात नाही. मॅप एरर-ट्रॅकिंगच्या (एरर गोळा करणाऱ्या) सेवेकडे चढवा आणि सर्व्हरवरून काढून टाका. नुसता पत्ता लपवून भागत नाही, कारण फाइलच्या नावापुढे मॅपचं एक्स्टेन्शन जोडून बघणं कुणालाही सुचतं.

म्हणजे क्लायंटने जे 'लॉक करा' म्हणून मागितलं होतं, ते खरं तर एक फाइल डिलीट करण्याचं काम होतं.

ऑब्फस्केशन: वाचणाऱ्याला दमवणं

मिनिफाय केलेला कोड डेव्हटूल्समधल्या महिरपी कंसाच्या बटणावर एकदा क्लिक केलं की पुन्हा ओळींत मांडला जातो. नावं गेलेली असतात, पण आकृती शाबूत असते. अर्ध्या तासात कुणीही सवलतीचं सूत्र शोधून काढेल. ऑब्फस्केशन ही आकृतीच मोडतं.

त्याच्या युक्त्या ओळखून ठेवा, कारण प्रत्येकीची किंमत वेगळी आहे. सगळ्या स्ट्रिंग एका ॲरेत गोळा करून, बेस-६४ किंवा आरसी-४ ने झाकून, जागा उलटसुलट करून ठेवतात. मग कोडमध्ये 'सेव्ह' हा शब्द कुठेच सापडत नाही, फक्त अंडरस्कोर, शून्य, एक्स आणि पुढे आकडे अशा नावाच्या फंक्शनला केलेली हाक दिसते. कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंगमध्ये सरळ वरून खाली वाचता येणाऱ्या पायऱ्या एका लूपमध्ये टाकलेल्या स्विचच्या केसेस होतात आणि पुढची पायरी कुठली हे एक नंबर ठरवतो. पुस्तकाची पानं सुटी करून पिसायची आणि शेवटी कुठल्या क्रमाने वाचायची त्याची चिठ्ठी ठेवायची, तसं. डेड कोड इंजेक्शन कधीच न चालणारा पण खरा वाटणारा कोड मध्ये मध्ये पेरतं. डिबग प्रोटेक्शन डेव्हटूल्स उघडले की थांबवत राहतं.

किंमत अशी: कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंगने कोड दीडपटीपर्यंत हळू होऊ शकतो आणि डेड कोड इंजेक्शनने आकार २०० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, हे या टूलचे कर्तेच सांगतात. शिवाय झाकलेल्या स्ट्रिंगमध्ये पुनरावृत्ती उरत नसल्याने जीझिपही हात टेकतं. मिनिफिकेशनने जे कमावलं ते इथे गमावता.

आणि एवढं करून मिळतं काय? वेळ. फक्त वेळ. ब्राउझरला कोड चालवायचाच आहे, म्हणून झाकलेली प्रत्येक स्ट्रिंग चालताना उघडी होतेच. नेटवर्क टॅबमध्ये तुमची रिक्वेस्ट साध्या अक्षरांत दिसते. योग्य जागी ब्रेकपॉइंट लावला की आकडे हातात येतात. २००१ साली संगणकशास्त्रज्ञ बोआझ बराक आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं की कुठलाही प्रोग्राम पूर्ण काळ्या पेटीसारखा, आतलं काहीच कळणार नाही असा, करून टाकेल, असा सर्वसाधारण ऑब्फस्केटर असूच शकत नाही. सिद्धांतात पुढे यापेक्षा सौम्य व्याख्यांवर मोठं काम झालंय, पण तुमच्या बिल्डमधल्या टूलशी त्याचा संबंध नाही. व्यवहारात ही टूल्स उलटवणारी टूल्सही फुकट मिळतात, आणि गुंतवलेलं फंक्शन भाषा-मॉडेलपुढे टाकलं तर ते बऱ्यापैकी नावं सुचवून परत देतं.

तरी मी ऑब्फस्केशनला निरुपयोगी म्हणणार नाही. ज्याला फक्त सोपं सावज हवंय तो दमतो आणि पुढे जातो. प्रश्न एवढाच की तुमच्याकडे येणारा तसा आहे का.

निवड कशी करायची

मी आता ज्या क्रमाने विचारते तो क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक प्रोजेक्ट पहिल्या दोन प्रश्नांतच निकालात निघतात.

कोडमध्ये गुपित आहे का? एपीआय की (दुसरी सेवा वापरायची गुप्त किल्ली), डेटाबेसचा पासवर्ड, फक्त आतल्या लोकांना माहीत असावं असं दराचं सूत्र. असेल तर ना आवळायचं ना गुंतवायचं, ते सर्व्हरवर न्यायचं. गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच सांगून ठेवलंय की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. फ्रंटएंडला, म्हणजे वापरणाऱ्याच्या ब्राउझरला, पाठवलेला कोड म्हणजे शत्रूच्या हाती पडलेली यंत्रणाच. किल्लीही त्यातच गुंडाळून पाठवली तर गाठी किती मारल्या याला अर्थ नाही. की आधीच बाहेर गेली असेल तर ती बदला. "आता ऑब्फस्केट करू" हा त्यावरचा उपाय नाही.

कोड चालतो कुठे? तुमच्याच सर्व्हरवर चालत असेल तर दोन्ही विसरा. तिथे तो कुणाला दिसत नाही, आणि मध्यरात्री स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आली त्याची यादी) वाचणाऱ्या तुमच्याच माणसाचं भलं होईल. सर्व्हरलेस फंक्शन (गरज पडली की तेवढ्यापुरता सुरू होणारा कोड) लवकर उठावं म्हणून बंडल, म्हणजे एकत्र बांधलेली कोडची फाइल, लहान करणं हा अपवाद, आणि तिथेही सोर्स मॅप ठेवा.

कोड कुणाच्या दारातून जाणार? हा प्रश्न लोक विसरतात. क्रोम वेब स्टोअरने १ ऑक्टोबर २०१८ ला जाहीर केलं की ऑब्फस्केट केलेली एक्स्टेन्शन्स यापुढे घेतली जाणार नाहीत. जुन्यांना ९० दिवस दिले. मिनिफिकेशन मात्र चालतं. फायरफॉक्सच्या ॲड-ऑनमध्येही गुंतवलेला कोड नाकारतात, आणि मिनिफाय केलेला देताना मूळ सोर्स सोबत द्यावा लागतो. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन यादीतही कोड माणसाला वाचता आला पाहिजे असा नियम आहे. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली काही वाटत असाल तर सोर्स म्हणजे बदल करायला सोयीचं रूप, अशी तिथली व्याख्या आहे. गुंतवलेली फाइल देऊन "हा घ्या सोर्स" म्हणता येत नाही. उलट बाजूने, दुसऱ्याच्या लायब्ररीचा लायसन्सचा मजकूर मिनिफायरने उडवला नाही ना तेही पाहा. मालवेअरही याच युक्त्या वापरतं, त्यामुळे एखादा अँटिव्हायरस तुमच्या निरुपद्रवी फाइलवर गुरकावला तर नवल वाटू देऊ नका.

इथवर येऊनही ऑब्फस्केशन उभं असेल तर शेवटचा प्रश्न: समोरच्याला चार दिवस उशीर झाला तर तुम्हाला काय मिळतं? गेममधली फसवणूक पकडणारा कोड दर आठवड्याला बदलत असेल तर चार दिवस सोन्यासारखे आहेत. बॉट ओळखणाऱ्या स्क्रिप्टचं तसंच. इंटरनेटशिवाय चालणाऱ्या ॲपमधली लायसन्सची तपासणी सर्व्हरवर नेताच येत नाही, तिथेही समजू शकते. पण कॉन्टॅक्ट फॉर्म आणि इमेज स्लायडर गुंतवून ठेवणाऱ्यांना मी विचारते, नेमकं कोण चोरणार आहे हे?

अँड्रॉइडवर शब्द फसवतात

वेबवरून अँड्रॉइडवर येणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. ग्रेडल या अँड्रॉइडच्या बिल्ड टूलमधल्या सेटिंगच्या नावात 'मिनिफाय' आहे, पण ते चालू केलं की आर-८ नावाचा प्रोग्राम न वापरलेला कोड काढतो, ऑप्टिमाइझ करतो आणि क्लास-मेथडची नावंही बदलतो, आणि त्या नावं बदलण्याला तिथे ऑब्फस्केशन म्हणतात. हे काम पूर्वी प्रोगार्ड करायचा, जो २००२ पासून आहे. अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ३.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, आर-८ मुळातच आहे. जावा बाइटकोडमध्ये नावं शिल्लक राहतात, म्हणून ती छोटी केली की आकारही घटतो आणि वाचणंही अवघड होतं. एका दगडात दोन पक्षी, पण दुसरा पक्षी नुसता जखमी: आर-८ स्ट्रिंग झाकत नाही. जॅडएक्स या ॲपचा कोड उलगडून दाखवणाऱ्या टूलमध्ये एपीके (ॲपची फाइल) उघडून स्वतःची एपीआय की शोधून बघा, मिनिटभर लागेल.

आर-८ रिलीज बिल्डला चालू ठेवाच. जीसन (जेसन वाचणारी लायब्ररी) किंवा रिफ्लेक्शन (चालताना नावावरून कोड शोधणं) वापरणाऱ्या मॉडेल क्लासना कीप रूल, म्हणजे नावं जपायचा नियम, लिहा, नाहीतर डिबगमध्ये नीट चालणारं ॲप रिलीजमध्ये सगळी फील्ड रिकामी दाखवेल. आणि प्रत्येक रिलीजची मॅपिंग फाइल (जुनी आणि नवी नावं जोडणारी) जपून ठेवा. ती हरवली की त्या आवृत्तीचे क्रॅश कायमचे 'ए डॉट बी डॉट सी' राहतात. मी एकदा हरवली आहे.

ठरलंच असेल तर

सगळा बंडल गुंतवू नका. जी दोन-तीन फंक्शन खरोखर जपायची आहेत ती वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढा आणि फक्त तेवढ्यालाच ऑब्फस्केटर लावा. रिॲक्टसारख्या लायब्रऱ्या गुंतवण्यात शून्य फायदा आहे, त्यांचा सोर्स जगजाहीर आहे.

प्रीसेट मधला घ्या आणि एकेक पर्याय तपासा. कंट्रोल फ्लो फ्लॅटनिंगला थ्रेशोल्ड (ते किती प्रमाणात लावायचं त्याचा आकडा) असतो, तो मुळात ०.७५ आहे, मी ०.३ पासून सुरुवात करून मोजत वर जाते. जो कोड हजारदा फिरणाऱ्या लूपमध्ये आहे त्याला ते लावतच नाही. सीड (टूलच्या यादृच्छिक निवडी ठरवणारा आकडा) नक्की करून ठेवा, नाहीतर टूल दर बिल्डला वेगळं आउटपुट देतं आणि "काल चालत होतं" या वाक्याचा शोध लागत नाही. पानाची सुरक्षा पॉलिसी इव्हॅलला (मजकूर थेट कोड म्हणून चालवण्याला) मनाई करत असेल तर टार्गेट 'ब्राउझर-नो-इव्हॅल' ठेवा. सर्व्हरशी बोलणारी नावं आणि स्ट्रिंग राखीव यादीत टाका. मिनिफायर आधी, ऑब्फस्केटर सगळ्यात शेवटी. हा क्रम मी बिल्ड फाइलमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलाय. डिबग प्रोटेक्शन बंदच ठेवते, कारण ते सगळ्यात जास्त मलाच छळतं.

टेस्ट गुंतवलेल्या बिल्डवर चालवा, डेव्हलपमेंटच्या बिल्डवर नाही. हाताशी असलेला सगळ्यात मंद फोन घ्या आणि आधीचा व नंतरचा वेळ मोजा. मग स्वतःच चोर व्हा: घड्याळ लावा, फक्त ब्राउझर वापरा आणि ते जपलेलं सूत्र किती वेळात मिळतं ते बघा. दहा मिनिटांत मिळालं तर तो सगळा भार वापरणाऱ्यांच्या फोनवर फुकट टाकू नका.

त्या क्लायंटच्या बाबतीत मला सात मिनिटं लागली. कडक प्रीसेट असूनही, कारण अंतिम किंमत आणि मूळ दर दोन्ही नेटवर्क टॅबमध्ये येत होते आणि भागाकार करायला कॅल्क्युलेटर पुरला. सूत्र सर्व्हरवर गेलं, सोर्स मॅप काढला, ऑब्फस्केटर काढला, टर्सर राहिला. क्लायंटने पान उघडून कोड पाहिला, सगळा एका ओळीत दाटलेला, आणि लिहिलं, "आता कसं लॉक झालं!" मी त्याला ती ओळ लॉक नाही हे दोनदा समजावलं. कॉमेंट मात्र मी मूळ फाइलमध्ये अजून तशीच ठेवली आहे, ते का चालतंय हे अजून कळलेलं नाही.